गावचा भूवापर नकाशा आणि गावचे लोक: गोव्यातल्या ग्रामस्थांचे नेहमीचे प्रश्न

ग्रामसभेत जमिनीचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. चवथीला मुंबईहून आलेले विचारतात, पंच विचारतात, आणि ज्यांची जमीनच नाही तेही विचारतात. सध्याच्या प्रादेशिक आराखड्याच्या नावातलं २०२१ हे साल केव्हाच उलटून गेलं. आज ना उद्या तो नव्याने करावाच लागेल, म्हणून ही उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

प्रादेशिक आराखडा म्हणजे नक्की काय? माझ्या सर्व्हे नंबरशी त्याचा काय संबंध?

राज्यात कुठे वस्ती होऊ द्यायची, कुठे शेती-बागायत राखायची, उद्योग कुठे, रस्ते कुठून आणि कुठे काहीच बांधू द्यायचं नाही, हे ठरवणारा कायदेशीर नकाशा म्हणजे प्रादेशिक आराखडा. गोव्यात तो १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली होतो. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे सगळ्या राज्याला एकच आराखडा पुरतो, आणि तो थेट सर्व्हे नंबरपर्यंत उतरतो.

इथेच लोक फसतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्याकडचा सातबारा) मालकाचं नाव असतं, कुळाचं असतं, पीक असतं. झोन नसतो. 'उताऱ्यावर भात लागलाय म्हणजे शेतजमीन आहे, कोण काय करणार' अशा समजुतीत राहू नका. आराखड्यात ती जमीन सेटलमेंट, म्हणजे वस्तीसाठी, दाखवली असेल तर सनद (बिगरशेतीची परवानगी) घेऊन तिथे इमारत उभी करायचा मार्ग बराचसा मोकळा होतो. उलटंही होतं: भाऊबंदांनी घरासाठी म्हणून राखलेला तुकडा बागायतीत गेलेला असतो आणि ते कळतं परवान्याचा अर्ज परत आल्यावर. झोन कोणता हे नगर नियोजन खात्याच्या झोनिंग सर्टिफिकेटवर कळतं. ते एकदा काढून घरच्या कागदांत ठेवा.

ओडीपी, पंचायतीचा विकास आराखडा आणि हा आराखडा, सगळं एकच का?

नाही. ओडीपी, म्हणजे आउटलाइन डेव्हलपमेंट प्लॅन, शहरांना आणि शहरांलगतच्या, नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत घेतलेल्या भागांना लागतो. पंचायतीचा वार्षिक विकास आराखडा म्हणजे गटार, विहीर, रस्त्याचं डांबर यांवरच्या खर्चाची यादी. जमिनीचा वापर त्यातून बदलत नाही. ग्रामसभेत मात्र दोन्हींची अशी सरमिसळ होते की अर्धा वेळ दिव्याच्या खांबांवर जातो. एखादं गाव ओडीपीच्या हद्दीत घेतलं गेलं की प्रादेशिक आराखड्याचे नियम तिथे मागे पडतात, हे मात्र ध्यानात असू द्या. तशी अधिसूचना निघाली तर ती गावासाठी मोठी बातमी आहे.

२००६ मध्ये झालं काय होतं? सगळे त्याचाच दाखला का देतात?

त्याआधीचा, २००१ सालापर्यंतचा आराखडा १९८६ मध्ये लागू झाला होता. त्यानंतरचा 'प्रादेशिक आराखडा २०११' ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. नकाशे हाती पडल्यावर लोकांनी आपापल्या गावाचं पान उघडून सर्व्हे नंबर शोधायला घेतले, तेव्हा कुठे डोंगराचा उतार, कुठे शेत, कुठे बागायत, कुठे झाडीचा पट्टा सेटलमेंट म्हणून दाखवलेला सापडला. गाव बघून नकाशा काढला असता तर इतक्या ठिकाणी हे झालं नसतं.

त्यातून गोवा बचाव अभियान उभं राहिलं. निमंत्रक होते डॉ. ऑस्कर रिबेलो. डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला. अधिसूचित झालेला आराखडा लोकांच्या रेट्याने गुंडाळला जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

दाखला देतात तो या विजयाचा. माझ्या मते खरा धडा त्यानंतरच्या चार वर्षांत आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

मग २०२१ चा आराखडा वेगळा कसा झाला?

२००७ मध्ये सरकारने कृतिदल नेमलं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि नगररचनाकार एडगर रिबेरो यांसारखी माणसं त्यात होती. त्यांनी क्रम बदलला. कुठे बांधायचं हे नंतर. आधी कुठे हात लावायचा नाही ते ठरवा. जंगल, खाजणं (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन), भातशेतं, पाणवठे, तीव्र चढाचे डोंगर पहिल्या पर्यावरणसंवेदनशील विभागात. बागायती, इतर लागवडीची जमीन, मिठागरं दुसऱ्यात. दोन्ही मिळून राज्याची ८० टक्क्यांहून जास्त जमीन झाली. उरलेल्या भागात वस्ती, आणि तिथेही गावांचे दोन वर्ग: एकात चटई क्षेत्र (भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं ते) ८० टक्के, दुसऱ्यात ६०.

मसुदा २००८ मध्ये बाहेर आला आणि गावनिहाय नकाशे पंचायतींकडे गेले. बऱ्याच पंचायतींनी समित्या केल्या. गावातली माणसं नकाशा घेऊन फिरली, चुका काढल्या, ग्रामसभेत ठेवल्या, ठराव करून परत पाठवल्या. निवृत्त मास्तर, कोमुनिदादीचे (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे) गावकार, कॉलेजची पोरं असे एरवी एका टेबलाशी न बसणारे लोक एका नकाशावर वाकले. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात या प्रयोगाची दखल घेतली, ती ग्रामसभांपर्यंत माहिती नेऊन त्यांचं म्हणणं मागवल्याबद्दल. पुढचा टप्पा, म्हणजे गावांचं म्हणणं कुठे आणि का बदललं हे परत जाऊन गावांना सांगणं, तो राहिला, हेही त्या अहवालात आहे.

एवढं करूनही लोक नाराज का?

त्या राहिलेल्या टप्प्यामुळेच. तालुक्यांचे अंतिम नकाशे २०११ पर्यंत अधिसूचित झाले. अनेक गावांनी तक्रार केली की आम्ही पाठवलं एक आणि छापलं दुसरंच: रस्ते नको तेवढे रुंद, गावाचा वर्ग बदललेला, न मागितलेली सेटलमेंट. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने आराखडा स्थगित ठेवला. २०१८ मध्ये तो पुन्हा वापरात आणायला सुरुवात झाली. इतका काळ ज्या कागदावर गावांनी रविवारचे रविवार घालवले, तो ना धड लागू ना धड रद्द.

गावाचं म्हणणं विचारून घेणं आणि त्याचं काय केलं ते सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं, दुसरं झालं नाही. पुढच्या वेळी गावांनी पहिल्याच दिवशी दुसऱ्या कामाची लेखी हमी मागावी, असं मला वाटतं: प्रत्येक सूचनेसमोर मान्य की अमान्य, आणि अमान्य असेल तर कारण.

१६ब, १७(२), ३९अ हे आकडे सारखे ऐकू येतात. काय आहे ते?

आराखडा पूर्ण न बदलता एकेका जमिनीचा झोन बदलण्यासाठी कायद्यात वेळोवेळी घातलेली कलमं. १६ब आलं २०१८ मध्ये. त्याला मोठा विरोध झाला. मग १७(२) आलं, 'आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी' म्हणून. त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवली. २०२४ मध्ये ३९अ आलं, त्यात ३० दिवस जनतेच्या सूचना मागवण्याची तरतूद आहे.

गावाच्या दृष्टीने यातली गोम एवढीच, की एकेक अर्ज सुटा बघितला तर निरुपद्रवी दिसतो. दोन हजार चौरस मीटर बागायत गेली तर काय बिघडलं? पण त्याच डोंगराच्या कडेला तसे अर्ज आठ झाले तर खालच्या विहिरींचं काय, हा प्रश्न विचारायला कुठल्याही फायलीत जागा नसते. ती जागा फक्त पूर्ण आराखड्यात असते. म्हणून तुकड्यातुकड्याच्या बदलांवर हरकती घेत बसण्यापेक्षा पूर्ण आराखडा नव्याने आणि खुलेपणाने व्हावा, असा आग्रह धरणं शहाणपणाचं. तोवर ३० दिवसांच्या जाहिरातींवर नजर ठेवण्यावाचून मात्र इलाज नाही.

नवा आराखडा जाहीर व्हायच्या आधी गावाने काही करण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे तो आधीच आहे. मसुदा आल्यावर मुदतीचे दिवस मोजके असतात, त्यात पावसाळा आला की निम्मा गाव शेतात. हातात गावाचा स्वतःचा नकाशा तयार असेल तर मसुदा त्याच्याशेजारी ठेवून चार दिवसांत फरक काढता येतो. नसेल तर पहिले दोन आठवडे 'आपली हद्द कुठली' यातच जातात.

सुरुवात पाण्यापासून करा. सरकारी नकाशात नदी असते, मोठा ओहोळ असतो. पण कुळागराच्या वरच्या अंगाला फुटणारी झर बहुतेक वेळा नसते. फोंडा, सत्तरी, सांगे भागातलं कुळागर त्या झरीवरच जगतं. पाट काढून पाणी पोफळीला फिरवायचं, खाली केळी, मिरी, जायफळ. झर कुळागराच्या सर्व्हे नंबरात नसते, ती वरच्या डोंगरातल्या दुसऱ्याच मालकाच्या नंबरात असते. कुळागर राखीव ठेवलं आणि वरचा उतार सेटलमेंट केला तर कागदावर बागायत वाचते आणि प्रत्यक्षात दहा वर्षांत वाळते. म्हणून नकाशावर झर दाखवा, तिच्या वरचा उतार दाखवा आणि तिच्यावर कोणकोणती कुळागरं अवलंबून आहेत त्यांचे नंबर बाजूला लिहा. ही माहिती पणजीत कोणाकडे नाही. ती पाटाचं पाणी पाळीपाळीने वळवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आहे, आणि तो ग्रामसभेत उभा राहून बोलणाऱ्यांतला नसतो. त्याच्याकडे जावं लागतं.

खाजणाच्या गावांत तसंच मानशीचं. गोव्यात खाजण जमीन सुमारे १८ हजार हेक्टर धरतात. बांध, मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी दारं), पोय (आतलं साठवणीचं पाणी) आणि शेत हे सगळं मिळून एकच यंत्र आहे. शेताला संरक्षण आणि बांधालगतच्या पट्टीवर मात्र रस्ता, असं नकाशात दिसलं तर तिथेच थांबा. भरतीचं पाणी कुठवर चढतं, मानशीची दारं कोण बघतं, कुठला बांध कधी फुटला होता, हे कुळांच्या संघटनेकडून लिहून घ्या.

मग गुरांच्या वाटा, सड्यावरचं चराऊ रान, देवराई, मसणवट, मांडाची (गावच्या सण-खेळांची) जागा, मासे सुकवायची जागा. उताऱ्यावर यातलं बरंचसं कोणाच्या तरी खासगी नावावर असतं आणि वापर सगळ्या गावाचा. नकाशा मालकी पाहून केला की असल्या जागा आधी जातात.

काही काम आधीच झालेलं असू शकतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही केलेली असते. ती कपाटातून बाहेर काढा. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण इथल्या गावांत वनहक्क समित्यांनी दाव्यांसाठी जागा मोजल्या आहेत. तेही कागद जोडा.

नकाशे कुठे मिळतात? आम्हाला ते वाचता येत नाहीत.

२०२१ चे नकाशे नगर नियोजन खात्याच्या संकेतस्थळावर आहेत, सर्व्हे प्लॅन आणि एक-चौदा भूमापन खात्याच्या. मोबाइलवर बघू नका, डोळे फुटतील आणि काही कळणार नाही. शहरातल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणा.

वाचायचं कसं? उत्तर दिशा, अक्षरं, रंग यांच्या नादी आधी लागूच नका. देऊळ किंवा चॅपल शोधा, मग तिथून आपल्या वाड्यापर्यंत बोटाने चाला. वाटेत प्रत्येक वळणाला उजवीकडे कोणाचं घर, डावीकडे कोणाचं भाट हे बोला. पाच मिनिटांत म्हातारी माणसं नकाशावर हुकूम चालवायला लागतात: 'हा व्हाळ इथे नाही, तो फणसाच्या पलीकडून जातो.' अशी चूक सापडली की लगेच पेन्सिलने खूण करा आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी त्या जागी जाऊन फोटो काढा.

ग्रामसभेत ठराव झाला की काम झालं ना?

नाही. ग्रामसभेचा ठराव नगर नियोजन खात्यावर कायद्याने बंधनकारक नाही, हे आधीच स्पष्ट असलेलं बरं. तो पुरावा आहे. पण पुरावा म्हणून उभा राहायचा तर नीट लिहिलेला हवा. 'गावात मेगा प्रोजेक्ट नको, असे सर्वानुमते ठरले' या वाक्याने टाळ्या मिळतात, फायलीत काही मिळत नाही. ठरावात सर्व्हे नंबर हवेत, कारण हवं, सोबत नकाशा हवा. इतिवृत्त पुढच्या ग्रामसभेत कायम होताना ऐका. बोललेलं आणि लिहिलेलं यांत फरक पडल्यावरून किती ग्रामसभा मोडल्या असतील याची गणती नाही. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत सचिवाकडून घ्या आणि तीच प्रत वाड्यावाड्यातल्या एकेका माणसाकडे ठेवा.

आणखी एक. रविवारी सकाळची ग्रामसभा म्हणजे सगळं गाव नव्हे. बायका स्वयंपाकघरात, अर्धे लोक मिसेला नाहीतर बाजाराला. महत्त्वाचा आराखडा असेल तर आधी वाड्यावर बैठका घ्या, संध्याकाळी, कोणाच्या तरी सोप्यावर. विहिरीला पाणी किती महिने असतं हे बायका जितकं नेमकं सांगतात तितकं इतर कोणी सांगत नाही.

मुंडकार, कूळ, भाडेकरू, परदेशी गेलेले: यांतला रहिवासी कोण?

बोलायला सगळे. ग्रामसभेत मत त्यांचं, ज्यांचं नाव गावच्या मतदार यादीत आहे. पण सूचना किंवा हरकत देण्यासाठी मतदार असण्याची गरज नसते.

मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आणि कूळ यांना मुद्दाम बोलवा. भाटकार (त्या जमिनीचा मालक) आणि मुंडकार यांच्यात घराच्या जागेवरून आधीच काही चालू असेल तर मुंडकार सगळ्यांसमोर तोंड उघडणार नाही. त्याचं घर नकाशावर दाखवलंय की नुसतं भाट दाखवलंय, ते स्वतः जाऊन बघा. कुळांच्या शेतजमिनीला १९९१ च्या भूवापर नियमन कायद्याचं वेगळं संरक्षण आहे, ती शेतीशिवाय इतर कामाला वापरता येत नाही. अशा जमिनीवर सेटलमेंटचा रंग चढलेला दिसला तर ती सरळ सरळ हरकतीची जागा.

मुंबईत, आखातात, लंडनला असलेल्यांना नकाशाचा फोटो पाठवा आणि त्यांचा तुकडा कुठे आहे ते विचारा. घरं बंद असली तरी जमीन गावातच आहे, आणि विक्रीचे बरेच व्यवहार अशाच घरांपासून सुरू होतात.

माझी जमीन बागायतीत टाकली आहे. मुलासाठी घर बांधायचं तर मी गावाचा शत्रू का?

हा प्रश्न ग्रामसभेत दबक्या आवाजात येतो आणि आंदोलनवाले त्याला बगल देतात. ते चुकीचं आहे. वाड्याला लागून, रस्त्यावर, चार पिढ्या राहत आलेल्या कुटुंबाला एक घर वाढवायला जागा हवी, ही गरज खरी आहे. आराखड्यात तिची सोय नसली तर माणूस दलालाकडे जातो.

बागायतीत फार्महाऊसची परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी किमान ४,००० चौरस मीटर जमीन लागते. गावातल्या किती कुटुंबांकडे एका जागी तेवढी आहे? म्हणजे नियम शेतकऱ्याच्या नावाने आणि सोय बाहेरून येऊन मोठा तुकडा घेणाऱ्याची. गावाने स्वतः पुढे होऊन प्रत्येक वाड्याच्या कडेला पुढच्या २०-२५ वर्षांत किती घरं लागतील याचा हिशोब करावा: आज किती घरं, किती लग्नाची मुलं, किती घरं कायमची बंद. तेवढी जमीन वाड्याला लागून सेटलमेंटमध्ये मागावी आणि कुठली, ते सर्व्हे नंबरानिशी सांगावं. जे गाव फक्त 'नको' म्हणतं त्याच्यापेक्षा जे 'इथे हवं, तिथे नको' म्हणतं त्याचं म्हणणं फायलीत टिकतं.

कोमुनिदादीच्या जमिनीचं काय?

गोव्यात २२३ कोमुनिदादी आहेत आणि अनेक गावांत सडा, डोंगर, खाजण त्यांच्याच नावावर आहे. कोमुनिदाद आणि पंचायत यांचं जमत नसेल तर दोन्हीकडून परस्परविरोधी पत्रं जातात आणि खातं सोयीचं तेवढं उचलतं. किमान मोकळ्या सड्याबद्दल तरी दोघांनी एकच पत्र द्यावं.

हरकत लिहायची कशी?

एका कागदावर एकच जागा आणि एकच मागणी. छापील मजकुरावर दोनशे सह्या जमवण्यापेक्षा वेगवेगळ्या जागांबद्दल वीस वेगळ्या हरकती जास्त कामाच्या, कारण एकसारखे कागद एका उत्तरात निकालात काढता येतात. मजकूर साधारण असा:

'आमच्या गावातील सर्व्हे नंबर अमुक, उपविभाग अमुक ही जागा मसुद्यात सेटलमेंट दाखवली आहे. जागेच्या पूर्व बाजूस बारमाही झर आहे (सोबत फोटो व खुणेचा नकाशा). तिच्यावर खालील सर्व्हे नंबरांतील कुळागरे व वाड्याची सार्वजनिक विहीर अवलंबून आहे. उतार तीव्र असून बांधकामासाठी डोंगरकापणी करावी लागेल. सदर जागा बांधकामासाठी खुली न ठेवता पर्यावरणसंवेदनशील विभागात घ्यावी. सुनावणीस प्रत्यक्ष हजर राहण्याची संधी मिळावी.'

शेवटचं वाक्य विसरू नका. डोंगरकापणीचा उल्लेखही मुद्दाम करा. कायद्याच्या १७अ कलमाखाली परवानगीवाचून डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला मनाई आहेच. अर्ज मराठीत, कोकणीत, इंग्रजीत कसाही द्या, फक्त पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

'गावाला विकासच नको आहे' या आरोपावर काय म्हणायचं?

वाड्यांसाठी मागितलेल्या सेटलमेंटचा कागद दाखवा. वाद तिथेच संपला पाहिजे. नाही संपला तर समोरच्याला विकास म्हणून नेमका कुठला सर्व्हे नंबर हवा आहे, ते त्याला सगळ्यांसमोर विचारा.

गावातच दोन तट पडले तर?

पडतातच. एकाने विसार घेतलेला असतो, दुसऱ्याचा भाऊ पंच असतो. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबलात तर मुदत संपते. ज्या जागांवर वाद नाही त्यांची यादी आधी करून पाठवा; पाणी, शेतं, देवराई यांवर सहसा कोणी उघड विरोध करत नाही. वादाच्या जागांबद्दल दोन्ही बाजू लिहून पाठवा, कोणाची किती मतं तेही. लपवलेला वाद सुनावणीच्या दिवशी बाहेर येतो आणि मग गावाची बिनवादाची मागणीही संशयात जाते.

आम्ही सिंधुदुर्गातले. आमच्याकडे हे चालेल का?

कायदा वेगळा, काम तेच. महाराष्ट्रात प्रादेशिक योजना १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होते. मसुद्यावर हरकतींसाठी किमान चार महिने द्यावे लागतात, ही चांगली मुदत आहे. योजनेत नंतर बदल करायचा तर कलम २० खाली पुन्हा सूचना-हरकती मागवाव्या लागतात, म्हणून राजपत्रातल्या त्या नोटिसा बघत राहा. तुमच्याकडे गावठाणापासून २०० मीटरच्या पट्ट्याला बिगरशेतीसाठी वेगळी सवलत आहे. त्या पट्ट्यात झर किंवा ओढा येत असेल तर तो आधी नकाशावर आणा. आणि उताऱ्याचं नाव सातबारा.

गावपातळीवर ठराव करण्यात तर तुमचा जिल्हा पुढेच आहे. गाडगीळ समितीपुढे सावंतवाडी भागातल्या २५ ग्रामसभांनी आपापला परिसर पर्यावरणसंवेदनशील ठरवावा म्हणून ठराव दिले होते. खाणी डोक्यावर आल्या होत्या म्हणून ते सुचलं हे खरं, पण ठराव आपणहून दिले होते, कोणी मागितले नव्हते.

अंतिम आराखडा छापून आला. आता?

आता गावाने पाठवलेला नकाशा आणि छापलेला नकाशा शेजारी ठेवून नंबरवार फरक काढा. जिथे फरक दिसेल तिथे माहिती अधिकारात टिपणी मागवा: हा बदल कोणत्या बैठकीत, कोणाच्या सूचनेवरून, कोणत्या कारणाने झाला. २००५ चा कायदा ३० दिवसांत उत्तर द्यायला सांगतो. २०११ नंतर हे काम थोड्याच गावांनी नेटाने केलं, आणि न्यायालयात जायची वेळ आली तेव्हा बोलायला कागद त्यांच्याकडेच होते.

त्यानंतर दर गुरुवारी निघणारं राजपत्र. गावातल्या एकाने उत्तर गोवा बघायचं, एकाने दक्षिण, असलं काही नको; फक्त आपल्या गावाचं नाव आणि शेजारच्या वरच्या अंगाच्या गावांची नावं शोधायची. वरच्या अंगाची यासाठी, की झर तिथून येते. महिना-दोन महिन्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्या, नाहीतर बघणारा कंटाळतो आणि नेमकी तेव्हाच नोटीस येते.